ध्वनिनमुन्यांचे रूपांतर आणि साधनचिकित्सेचा प्रश्न : १९८०च्या दशकातील ड्रम मशीनच्या संदर्भात

प्रस्तावना :

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्यासमोर कागदपत्रे, ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि फार तर छायाचित्रे उभी राहतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात मात्र साधनांचा एक असा वर्ग निर्माण झाला की जो यंत्राच्या मदतीशिवाय वाचताच येत नाही. त्यातही ज्या यंत्राने तो वाचायचा ते यंत्रच कालबाह्य होत चालले आहे. जुन्या ड्रम मशीनमधील ध्वनिनमुने हे या वर्गाचे एक लहानसे परंतु बोलके उदाहरण होय.

ड्रम मशीन म्हणजे तालवाद्यांचे ध्वनी निर्माण करणारे आणि आधी ठरवून दिलेल्या क्रमाने ते वाजविणारे विद्युत्-यंत्र. १९८० नंतर यांपैकी काही यंत्रांत प्रत्यक्ष ढोल, झांजा इत्यादींचे मुद्रण अंकांच्या रूपात साठविले जाऊ लागले. अशा साठविलेल्या छोट्या मुद्रणास 'सॅम्पल' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'ध्वनिनमुना' हा शब्द योजला आहे. आज ही जुनी यंत्रे दुर्मीळ व महाग झाली असून त्यांतील ध्वनिनमुने संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये वापरता यावेत म्हणून त्यांचे रूपांतर सर्रास केले जाते. हे काम केवळ तांत्रिक आहे, त्यात निर्णयाचा भाग नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर करणाऱ्यास हा प्रश्न नवा वाटणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही. बाळबोधीत मात्र तो पाळावाच लागतो. म्हणजे लिप्यंतरकार प्रत्येक शब्दागणिक काही ना काही ठरवीत असतो आणि ते ठरविणे छापील पानावर दिसत नाही. ध्वनिनमुन्याच्या रूपांतरात नेमके हेच घडते.

एलएम-१ आणि लिनड्रम :

गिटारवादक व गीतकार रॉजर लिन यांनी १९८० मध्ये 'एलएम-१ ड्रम कॉम्प्युटर' बाजारात आणला. प्रत्यक्ष वाद्यांचे अंकीय मुद्रण वाजविणारे हे पहिले ड्रम मशीन. त्यातील बहुतेक ध्वनी लॉस एंजेलिस येथील ड्रमवादक आर्ट वूड यांनी वाजविलेले होते. यंत्राची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती आणि एकूण यंत्रे सुमारे ५०० तयार झाली. संख्या इतकी अल्प असूनही ती योग्य हाती पडली. ह्यूमन लीग या ब्रिटिश समूहाचा १९८१चा 'डेअर' हा संग्रह आणि प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराची १९८२ ते १९८४ या काळातील मुद्रणे यांच्या द्वारे या यंत्राचा आवाज जगभर पोहोचला. १९८२ मध्ये लिन यांनी 'लिनड्रम' हे २,९९५ डॉलर किमतीचे यंत्र आणले आणि ते सुमारे ५,००० विकले गेले. १९८६ मध्ये लिन यांची कंपनी बंद पडली.

एलएम-१ मध्ये मोठी झांज नव्हती. या एका गोष्टीवरून त्या काळच्या तांत्रिक मर्यादेची कल्पना येते. हे यंत्र सेकंदाला सुमारे २८,००० अंक वाचीत असे. त्या वेळी प्रचलित असलेल्या ४,०९६ बाइट क्षमतेच्या चिपमध्ये या वेगाने जेमतेम ०.१५ सेकंदाचा ध्वनी मावतो. ढोलाच्या ठोक्याला तेवढे पुरते. झांजेचा नाद मात्र कित्येक सेकंद रेंगाळतो. स्मृतिचिप महाग होती, म्हणून झांज वगळली गेली. चिपचे दर उतरल्यावर लिनड्रममध्ये ती आली. संगीताच्या इतिहासातील एखाद्या शैलीचे श्रेय कलावंताच्या अभिरुचीला देण्यापूर्वी चिपचा बाजारभाव पाहणे इष्ट ठरते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चिपमधील अंकांचे वाचन :

या यंत्रांतील ध्वनी 'ईप्रॉम' जातीच्या चिपमध्ये साठविलेले असतात. चिप यंत्रातून काढून वाचकयंत्रात बसविली की त्यातील सर्व अंक संगणकावर उतरविता येतात. इथपर्यंतचे काम यांत्रिक आहे. पुढे मात्र अडचण सुरू होते.

प्रत्येक अंक ८ बिटांचा, म्हणजे २५६ संभाव्य मूल्यांपैकी एक असतो. परंतु ही मूल्ये समान अंतरावर मांडलेली नाहीत. दूरध्वनीच्या क्षेत्रात कमी बिटांत अधिक सुस्पष्ट संभाषण पाठविण्यासाठी 'म्यू-लॉ' नावाची संकोचन पद्धती प्रमाणित झाली होती. लिन यांच्या यंत्रांत तिचाच अवलंब केलेला आहे. (अमेरिका व जपानमधील दूरध्वनी यंत्रणेने म्यू-लॉ स्वीकारली, तर युरोप व भारताने तिचे भावंड असलेली 'ए-लॉ' पद्धती.) या पद्धतीत ८ पैकी १ बिट चिन्ह दर्शविते, ३ बिट विभाग दर्शवितात आणि उरलेले ४ त्या विभागातील पायरी. प्रत्येक पुढच्या विभागात पायरीची उंची दुप्पट होते. त्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजाच्या विभागातील पायरी ही सर्वांत हळू विभागातील पायरीच्या १२८ पट असते. हळू आवाजाचा तपशील बारकाईने टिपला जातो आणि मोठ्या आवाजातील खडबडीतपणा कानाला फारसा जाणवत नाही.

ज्याला ही पद्धती ठाऊक नाही तो चिपमधील अंक सरळ समान अंतराचे समजून वाचतो. ढोल ओळखू येतो, परंतु त्याची शेपटी फुगलेली व खरखरीत ऐकू येते. ही खरखर म्हणजेच 'जुन्या यंत्राचा बाज' असे समजण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती वाचकाची चूक असते आणि ते यंत्र तसे कधीच वाजले नव्हते.

दुसरी बाब वाचनवेगाची. रूपांतरित फाइलमध्ये मूळ वेग २८,००० असा नोंदविला गेला नाही आणि सॉफ्टवेअरने तो ध्वनिमुद्रिकांसाठी रूढ असलेला ४४,१०० असा गृहीत धरला, तर ध्वनी १.५७५ पट वेगाने वाजतो, म्हणजे जवळजवळ आठ अर्धस्वर वर चढतो. एवढी ढोबळ चूक कोणाच्याही लक्षात येईल. परंतु लिनड्रममध्ये हा वेग सर्व वाद्यांसाठी एकच नसून २८,००० ते ३५,००० या दरम्यान आहे. शिवाय काही वाद्यांचा स्वर यंत्रावरील बटण फिरवून खालीवर करता येत असे, म्हणजेच वाचनवेगच बदलता येत असे. मग अशा वाद्याचा 'मूळ' स्वर कोणता मानावा? चिपमध्ये त्याचे उत्तर नाही. ते बटण कोणत्या जागी ठेवले होते यावर ते अवलंबून आहे. प्रिन्स यांच्या १९८४च्या 'व्हेन डव्ज क्राय' या गीतातील ठोक्याचा प्रसिद्ध आवाज हा ड्रमच्या कडेवर काठी मारल्याचा नमुना बराच खाली उतरवून मिळविलेला आहे. चिपची तंतोतंत नक्कल ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ हा आवाज असेलच असे नाही.

वगळलेली गाळणी :

येथे आपण प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी येतो. सेकंदाला २८,००० अंकांनी साठविलेल्या ध्वनीत सिद्धांततः १४,००० हर्ट्झपर्यंतचीच कंपने असू शकतात. ते अंक पुन्हा विद्युत्-संकेतात बदलले जातात तेव्हा १४,००० हर्ट्झच्या वर मूळ ध्वनीची उलटी प्रतिबिंबे उमटतात. उदाहरणार्थ, १०,००० हर्ट्झच्या कंपनाचे प्रतिबिंब १८,००० हर्ट्झवर पडते. ही प्रतिबिंबे मूळ वाद्यात नसतात. अभियांत्रिकीचा नियम असा की निर्गमाच्या जागी एक गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवून ती काढून टाकावीत. लिन यांनी ती गाळणी बहुतांश वाद्यांसाठी जाणीवपूर्वक वगळली, कारण गाळणीने आवाज मंद पडत होता आणि तिच्याशिवाय तो अधिक चमकदार वाटत होता. याउलट मोठा ढोल, टॉम व कोंगा यांच्या मार्गात त्यांनी कर्टिस कंपनीच्या चिपवर आधारलेली, ठोक्यासोबत बंद होत जाणारी गाळणी बसविली.

म्हणजे या यंत्राचा जो आवाज १९८० ते १९८५ या काळातील श्रोत्यांनी ऐकला, त्याचा काही अंश चिपमध्ये नव्हताच. तो चिपच्या पुढील विद्युत्-मार्गात निर्माण होत होता. आजचे सॉफ्टवेअर चिपमधील अंक घेऊन ते ४४,१०० किंवा ४८,००० या वेगात बसविताना मधली मूल्ये अत्यंत काटेकोर गणिताने काढते. त्या गणिताचा हेतूच मुळी प्रतिबिंबे नष्ट करणे हा असतो. सॉफ्टवेअर जितके उत्तम, तितकी लिन यांनी मुद्दाम राहू दिलेली चमक अधिक निःशेष पुसली जाते. स्वर खाली उतरविला की फरक आणखी वाढतो. मूळ यंत्रात वाचनवेग १४,००० वर आणला तर प्रतिबिंबे ७,००० हर्ट्झपासूनच, म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येतील अशा टापूत सुरू होतात. आधुनिक सॉफ्टवेअरमध्ये तेथे केवळ शांतता असते.

तेव्हा अस्सल साधन कोणते? चिपमधील अंक, की यंत्रातून बाहेर पडलेला ध्वनी? काही रूपांतरकार पहिल्याचा आग्रह धरतात. अंक हे निःसंदिग्ध असतात, पुन्हा पडताळून पाहता येतात, त्यात केबलची गुणगुण किंवा ध्वनिमुद्रकाची आवडनिवड मिसळत नाही, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते तो अपुरा आहे. लेखनिकाने लिहिलेला मसुदा आणि शिक्कामोर्तब होऊन रवाना झालेले पत्र यांत जो फरक असतो, तोच येथेही आहे. चिप हा मसुदा आहे. इतिहासात परिणाम घडविला तो रवाना झालेल्या पत्राने.

फ्लॉपीवरील नमुना आणि ऐकलेला ध्वनी :

ई-म्यू कंपनीच्या १९८७च्या 'एसपी-१२००' या यंत्रात हा गुंता एक पाऊल पुढे जातो. यात ध्वनिनमुने कारखान्याचे नसून वापरणाराच ते मुद्रित करी. अंक १२ बिटांचे, वेग सेकंदाला २६,०४० आणि एकूण मुद्रणकाळ अवघा १० सेकंद. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संगीतकारांनी या मर्यादेवर एक युक्ती काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावून ते मुद्रण करीत आणि नंतर यंत्रातच स्वर उतरवून मूळ चालीवर आणीत. वेग १.३५ पट झाल्याने १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचे संगीत मावत असे. स्वर उतरविताना हे यंत्र मधली मूल्ये काढीत नसे, आहे तोच अंक पुन्हा वापरीत असे. त्यातून येणारी किरकिर हीच पुढे त्या शैलीची ओळख ठरली.

अशा यंत्राची फ्लॉपी आज वाचली तर हाती काय येते? पाच अर्धस्वरांहून थोडे अधिक वर चढलेले, घाईघाईने वाजणारे तुकडे. स्वर किती उतरवायचा याची नोंद त्याच फ्लॉपीवर, परंतु वेगळ्या भागात असते. केवळ नमुने उचलून नेणारा रूपांतरकार ही नोंद मागे ठेवून येतो. याशिवाय यंत्राला आठ निर्गममार्ग होते : पहिल्या दोहोंवर ठोक्यानुसार बदलणारी गाळणी, तिसऱ्या ते सहाव्यावर स्थिर गाळणी आणि अखेरच्या दोहोंवर गाळणीच नाही. एकच नमुना कोणत्या मार्गाने बाहेर पडला यावर त्याचा रंग ठरत असे. कागद अस्सल असूनही त्यावरील मजकूर त्याच्या पाकिटाशिवाय लागत नाही, अशी ही स्थिती आहे.

रोलँड कंपनीच्या 'टीआर-८०८' (१९८०) या यंत्राविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण त्यात चिपमध्ये साठविलेला ध्वनी मुळीच नाही. त्याचे ठोके प्रत्येक वेळी विद्युत्-मंडलात नव्याने घडतात आणि बटणाच्या स्थितीप्रमाणे बदलतात. त्यामुळे '८०८चे ध्वनिनमुने' म्हणून जे विकले जाते ते कोणा एकाच्या यंत्राचे, एका दिवशीचे, काही निवडक बटणस्थितींतील मुद्रण असते. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२च्या आपल्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या संग्रहासाठी हेच यंत्र वापरले होते. ज्यांना त्या मुद्रणातील तालाचा अभ्यास करावयाचा आहे त्यांना बाजारातील तयार नमुन्यांचा उपयोग मर्यादितच होईल. १९८३च्या 'टीआर-९०९'मध्ये ढोल विद्युत्-मंडलाचे आणि झांजा ६ बिटांच्या नमुन्यांच्या, असा संमिश्र प्रकार आहे. तेथे एकाच यंत्राला दोन वेगवेगळ्या चिकित्सापद्धती लावाव्या लागतात.

ठोक्याचे बळ आणि लय :

नमुना शुद्ध मिळाला तरी तो वाजवायचा कसा हा प्रश्न उरतो. वाद्ये व संगणक यांना जोडणारी 'मिडी' ही प्रमाणपद्धती १९८३ मध्ये आली; लिनड्रम त्याआधीचे. मिडीत ठोक्याचे बळ १ ते १२७ अशा श्रेणीत सांगितले जाते. जुन्या यंत्रात एखाद्या वाद्याला हळू व मोठा अशा दोन-तीनच पातळ्या असत. आधुनिक सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन पातळ्या १२७वर कशा पसरवायच्या? कोणी सलग चढती रेषा आखतो आणि मग ढोल असा काही नाजूकपणे वाजू लागतो की जसा तो त्या यंत्रात कधीच वाजू शकला नसता. कोणी दोनच पातळ्या कायम ठेवतो; इतिहासाच्या दृष्टीने हे अधिक प्रामाणिक, पण वापरणारे त्याविषयी नाराज असतात. तसेच उघडी हाय-हॅट बंद हाय-हॅटने थांबली पाहिजे. मूळ यंत्रात ते आपोआप होई. रूपांतरात हा संबंध नव्याने लिहावा लागतो आणि तो वारंवार विसरला जातो.

लय तर नमुन्यांच्या संग्रहात येतच नाही. लिन यांच्या यंत्राची ठोके आपोआप मात्रेवर बसविण्याची आणि दोन सोळांश मात्रांमधील पहिलीला थोडे लांबवून झोका देण्याची सोय तितकीच प्रभावी होती. पन्नास टक्के म्हणजे दोन्ही मात्रा समान, सहासष्टच्या आसपास गेल्यावर तिपटीची चाल. हा गुणधर्म यंत्राच्या क्रमलेखकात होता, चिपमधील नमुन्यांत नव्हता. त्यामुळे केवळ नमुने घेणाऱ्याला तो मिळत नाही.

स्वरूपांची वंशावळ :

ज्या सॉफ्टवेअरसाठी रूपांतर करावयाचे ते स्वतः किती टिकाऊ असते हेही पाहिले पाहिजे. १९९८ मध्ये आलेल्या 'गिगासॅम्पलर'साठी मोठमोठे संग्रह तयार झाले. पुढे 'गिगास्टुडिओ' या नावाने चाललेली ही प्रणाली २००८ मध्ये बंद करण्यात आली आणि ते संग्रह पुन्हा दुसऱ्या स्वरूपात नेण्याची वेळ आली. अकाई कंपनीच्या यंत्रांसाठीच्या डिस्क, ई-म्यू व क्रिएटिव्ह यांचे 'साउंडफाँट', 'काँटॅक्ट' या २००२च्या सॉफ्टवेअरच्या फाइल अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीवर कोणीतरी नमुन्याच्या आरंभीची निःशब्दता छाटतो, आवाज एकसारखा मोठा करतो, नाव बदलतो. बखरींच्या नकला जशा एकमेकींवरून होत गेल्या तशाच याही नकला आहेत. फरक इतकाच की येथे लेखनिकाचे नाव, गाव वा तिथी अखेरीस सापडत नाही, आणि आर्ट वूड यांचे नाव तर पहिल्याच नकलेत गळून पडते.

या साखळीतील एक दुवा मुद्दाम नोंदविण्यासारखा आहे. ई-म्यूच्या १९८३च्या 'ड्रम्युलेटर' या ड्रम मशीनसाठी पर्यायी ध्वनींच्या चिप तयार करून विकणारा 'डिजिड्रम्स' नावाचा एक छोटा उद्योग पीटर गॉचर व इव्हान ब्रूक्स यांनी चालविला होता. तोच पुढे 'डिजिडिझाइन' झाला आणि १९९१ मध्ये त्याने 'प्रो टूल्स' ही प्रणाली आणली. आज जुन्या चिपमधील ध्वनी ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले जातात, त्यातील एका प्रमुख सॉफ्टवेअरचा जन्म अशाच चिपच्या विक्रीतून झालेला आहे.

रूपांतराची नोंद :

यातून व्यवहारात काय करावे? रूपांतर करू नये असे कोणी म्हणणार नाही. ईप्रॉम चिपमधील माहिती विद्युत्-भाराच्या रूपात असते आणि तो भार कालांतराने झिरपत जातो. चिपच्या माथ्यावर काचेची खिडकी असते आणि अतिनील किरणांनी तिच्यातील मजकूर पुसला जातो. उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार उघड्या खिडकीवर थेट सूर्यप्रकाश पडल्यास सुमारे एका आठवड्यात आणि खोलीतील ट्यूबलाइटच्या प्रकाशात सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणूनच खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावलेली असते. त्या पट्ट्यांचा डिंक आता चाळीस वर्षांचा झाला आहे. विलंब परवडणारा नाही.

प्रश्न रूपांतराच्या पद्धतीचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते किमान तीन गोष्टी एकत्र राखल्या पाहिजेत : चिपमधील अंकांची कोणतीही सुधारणा न केलेली नक्कल, त्याच चिपचे, चालू स्थितीतील मूळ यंत्राच्या प्रत्येक निर्गममार्गावरून, बटणांच्या नोंदलेल्या स्थितीत केलेले उच्च दर्जाचे मुद्रण, आणि या दोहोंवरून सॉफ्टवेअरसाठी जी आवृत्ती सिद्ध केली तिच्या संपादकाचे टिपण. पहिल्या दोहोंपैकी एकच राखले तर दुसरे त्यातून पुन्हा काढता येत नाही. तिसऱ्यासाठी सोय आधीपासून उपलब्ध आहे. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ मध्ये ठरविलेल्या 'ब्रॉडकास्ट वेव्ह' स्वरूपात ध्वनीसोबतच त्याच्या संकेतनाचा इतिहास लिहिण्याची जागा राखलेली आहे. 'एसएफझेड' हे स्वरूप तर साध्या मजकुराचे असल्याने कोणता नमुना कोणत्या कळीवर, किती बळाला वाजतो आणि कोणाला थांबवितो हे कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते व शेजारी शेरा लिहिता येतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मूळ संकेतात आवडीनुसार बदल न करता जतनप्रत करण्यावर भर आहे.

कामाचा क्रमही ठरविला पाहिजे. लिनड्रमच्या कारखानी चिपच्या हजारो प्रती निघाल्या होत्या. एक पुसली तरी दुसरीवरून ती पडताळता येते. परंतु वापरणाऱ्यांनी स्वतःच्या मुद्रणावरून जाळून घेतलेल्या एकेकट्या चिप आणि एसपी-१२००च्या फ्लॉपी यांना दुसरी प्रत नसते. हिप-हॉप संगीतकार जे डिला यांचे 'एमपीसी' हे यंत्र वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. लिन यांनीच अकाईसाठी घडविलेल्या या परंपरेतील यंत्र संग्रहालयात पोहोचले, ही समाधानाची बाब होय. पण असे यंत्र वीज बंद करताच आपल्या स्मृतीतील नमुने विसरते, आणि ते पुन्हा भरावयाचे असतात फ्लॉपीवरून. त्या फ्लॉपी बहुतेक संगीतकारांच्या बाबतीत घरांतील खोक्यांत, नावाच्या चिठ्ठीशिवाय पडून असतात. वाचनाची सुरुवात तेथून व्हावयास हवी.